शिवदासचं ठिगळ

कोळ्याच्या पोटी जन्मून ज्याला बोट लागते, असा माणूस तुम्ही कधी बघितलाय? माझ्या घरात आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ, शिवदास. होडीत पाय टाकला की याचा चेहरा उतरायचा, आणि खाडीचं तोंड ओलांडून होडी दर्यात शिरली की हा होडीच्या काठावर ओणवा. बापाने काय काय नाही केलं! आल्याचा तुकडा चघळायला दिला, लिंबू हुंगायला दिलं, मुरूडच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, देवीला कोंबडा झाला. शेवटी वैतागून म्हणाला, "हा माझा पोर न्हायच. कुणाच्यातरी भातशेतातून उचलून आणलाय." आई त्यावर आठवडाभर बापाशी बोलली नव्हती. पण बापानेच मग त्याच्या हातात जाळं विणायची सुई दिली.

त्या सुईने माझा भाऊ वाचला, हे मी आजही म्हणते. ओट्यावर बसून तो जाळी विणायचा, फाटलेली सांधायचा. जाळ्यातल्या एकेका चौकोनाला आम्ही आस म्हणतो. शिवदासने सांधलेल्या जाळ्यात जुनी आस कुठे संपली आणि नवी कुठे लागली, ते बोट फिरवूनही कळायचं नाही. पण कौतुक कोण करणार? बायका म्हणायच्या, "वेणू, भावाला बांगड्या भर गो, घरात बसून विणकाम करतोय." मासळीची पाटी खाली ठेवून एकेकीला असं सुनावलंय मी, की पुन्हा तोंड उघडायची टाप नाही झाली कुणाची. लग्न मात्र त्याचं जमलंच नाही. दर्यावर न जाणाऱ्याला आमच्यात मुलगी कोण देतंय? मग तो माझ्याकडेच राहिला आणि माझ्या नवऱ्याच्या, विनेशच्या, होडीची जाळी बघायला लागला.

आमच्या वाड्यात एक रीत आहे. नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात पडणार असेल, तर ते ज्याच्या हातचं आहे त्याने त्या दिवशी होडीवर असायचं. नारळ फोडायचा, जाळ्याला हळदकुंकू लावायचं आणि विणणाऱ्याने सगळ्यांबरोबर होडीत बसायचं, मग दर्या कसाही असो. शिवदासला या रीतीतून सगळ्यांनी आनंदाने सूट दिली असती. विनेश तर हात जोडायचा, "नको येऊ रे बाबा, नंतर होडी मलाच धुवायला लागते." पण हा एकदाही चुकला नाही. ओकत जायचा, ओकत यायचा, आणि धक्क्यावर उतरला की पाय लटपटत असायचे. मी चिडून म्हणायची, "कशाला जातोस रे मरायला?" तर म्हणायचा, "गाठी माझ्या हायत, बाय. माणसं त्यांची हायत." बस.

चक्रीवादळाच्या वर्षी अर्ध्या वाड्याची जाळी वाऱ्याने नेली. मला वाटलं, आता तरी भावाला दिवस येतील. कसलं काय! लोकांनी मशीनवरची तयार जाळी आणली आणि शिवदासचा ओटा रिकामा पडला. तो नुसता बसून राहायचा, हाताला काम नाही म्हणून स्वतःचीच बोटं मोडत. तेव्हा विनेशच्या ओळखीचा कमलेश, उरणकडचा आगरी पोरगा, आखातातल्या एका मोठ्या मैदानावर कामाला होता. त्याने खटपट करून शिवदासला तिकडे बोलावून घेतलं. पोचल्याचा फोन आला तेव्हा विनेशने पहिलं काय विचारलं असेल? "विमान लागलं का रे?"

विमान नव्हतं लागलं. पण त्या मैदानाने मात्र माझ्या भावाला वेड लावलं. काम काय, तर गवताला पाणी मारायचं, शर्यतीचे अडथळे उचलून आणायचे, परत नेऊन ठेवायचे. पण रोजचा फोन म्हणजे नुसतं नवल. "बाय, इथं माणूस काठी टेकून आपल्या घराच्या कौलावरून पलीकडं जातो गो." मी म्हटलं, जेवलास का ते सांग. मग अरब देशांची मैदानी स्पर्धा तिथे भरणार असं कळलं. मला वाटायचं अरब म्हणजे एकच देश. माझी मुलगी प्राप्ती हसली आणि तिने नावं घ्यायला सुरुवात केली : मोरोक्को, अल्जीरिया, इजिप्त, इराक, सुदान... संपेचना. सगळे एकमेकांच्यात पळणार, उड्या मारणार, फेकणार. शिवदासचं काम हातोडाफेकीच्या जाळ्यापाशी लागलं, आणि त्या दिवशी तो फोनवर हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "जाळं हाय इथं, बाय! आपल्या डोलजाळ्यापेक्षा उंच!"

नाव हातोडा, पण हातोडा कुठे असतो त्यात? लोखंडाचा गोळा, त्याला तार, तारेला मूठ. ती मूठ धरून माणूस गरागरा फिरतो आणि सोडून देतो. फेकणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही अंगांना उंच खांबांवर जाळं टांगलेलं असतं, गोळा भलतीकडे सुटला तर कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. पुढची बाजू तेवढी उघडी.

स्पर्धेच्या आधी सराव चालू होता. ट्युनिशियाची एक पोर, हनीन तिचं नाव, गोळा फिरवत होती. तिच्या हातून तो चुकीच्या वेळी सुटला आणि थेट मागच्या जाळ्यावर गेला. जाळं वरून काळंभोर दिसत होतं, पण तिकडच्या उन्हाने आतून कुजलेलं. गोळा आरपार गेला आणि पलीकडच्या खुर्चीचा चुरा झाला. त्या खुर्चीवर कमलेश बसायचा. पाणी प्यायला उठला म्हणून वाचला. तो अजून सांगताना कानाला हात लावतो, "वहिनी, मी तर गेलोच होतो!" आणि ती पोर मटकन खाली बसली. आपल्या हातून माणूस मेला असता, हे तिच्या डोक्यातून जाईना.

दुसरं जाळं लगेच मिळण्यासारखं नव्हतं. शिवदासने मैदानावरच्या साहेबाला खुणेने सांगितलं, दोर द्या, मी करतो. काळा दोर नव्हता, पांढरा होता. त्या पांढऱ्या दोराने त्याने दिवसभर बसून ते भगदाड विणून काढलं. कुजलेला भाग कापला, पार खांबापर्यंत नवं घेतलं. आणि ताणून नाही बांधलं, सैल सोडलं. ताणलेलं जाळं मार खाऊन तुटतं, सैल जाळं मार पिऊन टाकतं, हे तर आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. रात्री फोनवर मी विचारलं, "टिकेल ना रे?" तर म्हणाला, "पाण्यात ठेवलेलं ठाऊक हाय. हवेतलं ठाऊक न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राप्तीने ती स्पर्धा मोबाईलवरून टीव्हीवर लावली. अहो, घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. शिवदासचं जाळं टीव्हीवर येणार म्हणून सगळा वाडा आला. बांगड्या भर म्हणणाऱ्यासुद्धा पहिल्या रांगेत! बोलणारा अरबीत बोलत होता, आम्हाला शब्द कळत नव्हता, पण दिसत होतं सगळं. दिव्यांनी मैदान दुपारसारखं उजळलेलं. एकेक पोरगी यायची, खांदे असे की आमच्या खलाशांनी लाजावं, आणि पाय असे नाचत फिरायचे की गोळा दिसायचा बंद व्हायचा, नुसतं एक कडं दिसायचं तिच्याभोवती. मग सोडायची आणि ओरडायची. आमच्या घरात सगळे एकदम "आई गं!" करायचे. विनेश तर पुटपुटला, "बाईमाणसात एवढी ताकद असते?" मी म्हटलं, आज कळलं का!

काळ्या जाळ्यात ते पांढरं ठिगळ लख्ख दिसत होतं. बाजूला खुर्चीवर केशरी जाकीट घालून शिवदास.

मग हनीन आली. रिंगणात उभी राहिली. गोळा उचललाच नाही तिने. मान वळवून सारखी मागे बघायची, त्या ठिगळाकडे. वेळ संपली, पंचाने तांबडं निशाण वर केलं, ती खाली मान घालून बाहेर गेली. प्राप्ती म्हणाली, "आई, तीनच संधी असतात. पहिल्या आठांत आली तरच पुढे." ती पोर गोळ्याला घाबरत नव्हती. माझ्या भावाच्या गाठींवर तिचा विश्वास नव्हता, आणि का असावा? ती कुठली, हा कुठला.

दुसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं. तिने पुन्हा मागे बघितलं. आणि शिवदास खुर्चीवरून उठला.

"हा कुठे चाललाय?" विनेश म्हणाला. मला कळलं होतं कुठे चाललाय. तो चालत जाळ्याच्या मागे गेला आणि ठिगळाच्या बरोबर मागे, वल्ह्याएवढं अंतर ठेवून, उभा राहिला. एक पंच धावत आला, हातवारे करायला लागला. हा हलेना. त्याने पोरीकडे बघून नुसती मान हलवली, टाक म्हणून.

"अरे मेल्या, बाजूला हो!" मी टीव्हीवर ओरडले. तिथे काय ऐकू जाणार?

पंच त्याचा हात धरून ओढत होता तोवर ती फिरायला लागली होती, आणि पंच उडी मारून बाजूला झाला. एक गिरकी, दुसरी, आणि तिचा पाय सटकला. मी गोळा बघितला नाही. मी जाळं बघितलं. ते पांढरं ठिगळ मागे फुगलं, असं फुगलं की शिवदासच्या छातीपर्यंत आलं. घरात कुणीतरी किंचाळलं, बहुतेक मीच. मग जाळं हळूच परत आलं, आणि गोळा त्याच्या पायथ्याशी मुकाट्याने खाली पडला. एक आस तुटली नाही. शिवदास जागच्या जागी उभा.

विनेशने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. तेवीस वर्षं त्या माणसाशी संसार करतेय, देवळाबाहेर त्याला असं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

ती पोर धावत जाळ्यापाशी गेली. ठिगळाच्या आसांत बोटं अडकवून उभी राहिली, आणि पलीकडे हा. काय बोलले कोण जाणे. ती अरबीत बोलली असणार आणि हा आमच्या भाषेत. मग तिने डोळे पुसले आणि परत गेली. शिवदास तिथेच उभा होता, पण तिसऱ्या वेळी तिने मागे वळून बघितलंच नाही.

अर्ध्या तासाने शिवदासचा फोन आला. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही, आजूबाजूच्या माणसांनी ऐकलं तेवढं पुरे. रडत होते आणि शिव्या देत होते. तो ऐकून घेत होता, त्याची सवयच आहे. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाला, "बाय, तिचा शेवटचा गोळा लांब गेला का गो?"

"म्हणजे? तू तिथंच उभा होतास ना!"

"होतो. पन डोळे मिटलेले."

"कधी?"

"ती फिराया लागली की मिटायचो. दोन्ही टायमाला. लय भ्या वाटलं गो, बाय."

मग मी सांगायला लागले. मी, जिने पनवेलच्या पलीकडचं जग बघितलं नाही, त्याला सांगत होते की तुझ्या समोर काय झालं. म्हटलं, ती फिरली शिवदास, चार वेळा फिरली, पाय कुठे अडखळला नाही. सोडला तिने गोळा. तो असा वर गेला की दिव्यांच्या उजेडात दिसेनासा झाला. आम्हाला वाटलं खाली येतच नाही. सगळं मैदान वर बघत होतं. मग लांब, पार लांब, हिरव्या गवतात पडला आणि माती उडाली. ती पोर दोन्ही हात वर करून नाचली. नंबर नववा आला म्हणे, पुढे जायचं राहिलं, पण तिला बघून वाटलं पहिलाच आलाय.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

"पुन्यांदा सांग," तो म्हणाला. "हळू सांग."

मी ओट्यावर जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.