सिस्टरच्या मयताला मी गेले नाही

सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी उभी राहून आल्याचा काढा उकळत होते. तीन दिवस खोकल्यानं छाती भरून आली होती, शाळेत रजा टाकली होती. फोन सिस्टरच्या मुलीचा, तबस्सुमचा. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरली. मग त्या पोरीनं, जिची आई तासाभरापूर्वी गेली होती, मला विचारलं, "मावशी, तुम्हाला खोकला आहे?" आहे म्हटलं. "मग तुम्ही येऊ नका. आईनं सांगून ठेवलंय, खोकला-ताप असलेल्यानं मयताला यायचं नाही. तुमचं तर नाव घेऊन सांगितलंय… मास्तरीणबाई ऐकायच्या न्हाईत, त्यांना आधी सांग, म्हणाली." मग ती रडायला लागली आणि मीही. दुपारी दफन झालं. मी घरीच होते.

आमच्या मुळशीत लग्नाला नाही गेलं तर चालतं, पाचशेची पाकिटं पाठवून भागतं. मयताला जावंच लागतं. बांधावरून डोकी फुटलेले भाऊही तेवढ्यापुरते एका सतरंजीवर येऊन बसतात. अशा मुलखात पंचवीस-सव्वीस वर्षं सोबत असलेल्या मैत्रिणीच्या मयताला मी गेले नाही, ही बातमी रिह्याच्या खोऱ्यात माझ्याआधी फिरली. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, त्यांनी तर रोज जेवताना विषय काढला. "जल्माची सोबतीण आन् तोंड बघाया गेली न्हाईस. खोकल्यानं काय माणूस मरतंय व्हय?" मी पहिले काही दिवस समजावून सांगितलं. मग सोडून दिलं. आता लिहितेय, ते खुलासा करण्यासाठी नाही. मी केलं ते बरोबर केलं, आणि ते मला कुणी शिकवलं हे लोकांना कळावं म्हणून लिहितेय.

सिस्टर म्हणजे नसीम मुलाणी, आमच्या खोऱ्यातल्या आरोग्यसेविका. माहेर आणि सासर दोन्ही पौडचं, घरात कापडाचं दुकान, पण बाई दुकानाच्या गादीवर कधी बसल्या नाहीत. खांद्याला लशीचा निळा डबा, पायात पुरुषी चपला, आणि चाल अशी की बरोबरच्या माणसानं धापा टाकाव्यात. मी नवीन नोकरीवर आले तेव्हा त्यांची न् माझी नुसती तोंडओळख होती. मी चोवीस वर्षांची, उत्साहानं फसफसलेली. मुलांवर चांगले संस्कार करायचे म्हणजे काय काय करायचं, याची माझ्याकडे मोठी यादी होती. आजाऱ्याला बघायला जावं, त्याची विचारपूस करावी, हा त्यातला एक संस्कार. वर्गातला दत्ता चार दिवस शाळेत आला नाही. ताप आहे, अंगावर पुरळ आहे, असं कळलं. त्याचे आईवडील मेंढरं राखायचे, वस्ती टेकडीवर. एका शनिवारी मी सगळा वर्ग, सतरा पोरं, रांगेनं वर नेली. प्रत्येकाच्या हातात एकेक पेरू. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावलेला होता. घरात देवी आली आहे, बाहेरच्यानं आत येऊ नये, म्हणून तो लावतात हे मला माहीत होतं. तरीही मी तो हातानं बाजूला केला आणि पोरांना आत घेतलं. अंधाऱ्या, बिनखिडकीच्या खोपटात आम्ही तासभर बसलो. दत्ताला गाणी म्हणून दाखवली. दत्ता हसला. त्याच्या आईनं पदर डोळ्याला लावला. परत येताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दहा-बारा दिवसांनी वर्ग रिकामा व्हायला लागला. तो गोवर होता. नऊ पोरांना झाला आणि नऊही उठून बसली. पण मंगल नावाच्या मुलीनं तो घरी नेला, आणि घरी तिचा सात महिन्यांचा भाऊ होता. गोवर त्याच्या छातीत उतरला. तीन दिवसांत तो गेला. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा मंगलच्या आईनं मलाच जवळ घेतलं, म्हणाली, "देवीनं नेला बाई, आपल्या हातात काय हाय." कुणीही मला दोष दिला नाही. ती माणसं तशीच आहेत, आणि त्यानंच माझा जीव आणखी घुसमटला. शेवटी शाळेच्या पडवीत सिस्टर भेटल्या. मी विचारलं, "सिस्टर, माझ्यामुळं झालं का हे?" मला वाटलं, त्याही नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "व्हय. तुमच्यामुळंच झालं. गोवरवालं पोर खोलीत असलं की तितली हवा बी गोवराची. पोर उठून गेलं तरी दोन तास तसीच ऱ्हाती. तितं तुमी सतरा कोवळी पोरं कोंडली." मी रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. डबा उचलला आणि म्हणाल्या, "रडून झालं की चला. अजून चार वस्त्या हायेत, आन् माझं कुणी ऐकत न्हाई. तुमचं ऐकत्याल. तुमी मास्तरीण."

मी गेले. तेव्हापासून दर लसीकरणाच्या दिवशी, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर, आम्ही दोघी मिळून हिंडलो. तोंडावर खरं बोलणारं माणूस भेटणं, हे माझ्या आयुष्यातलं मोठं देणं होतं. सात महिन्यांच्या पोराला गोवराची लस का नव्हती, हे त्यांनीच मला चालता चालता सांगितलं. आईच्या पोटातून मिळालेली ताकद ओसरत आलेली असते, आणि लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. मधले दिवस त्या पोराचं रक्षण त्याचं अंग करत नाही, भोवतालची माणसं करतात. भोवतालच्यांना रोग नसला, तरच ते वाचतं. मेंढपाळांच्या वस्तीवर त्या लशीचं वेगळ्या भाषेत सांगायच्या. "तुमची कुत्री लांडग्याला कशी वळकत्यात? एकदा वास घेतला की जल्मभर. लस म्हंजी नुसता वास. लांडगा आनत न्हाई मी, त्याची केसं आनते." यावर म्हातारे हसायचे आणि पोरं पुढं करायचे. गोवराचं तर आणखी एक वाईट, त्या म्हणायच्या, तो जाताना आधीच्या ओळखीही पुसून जातो. कुत्र्याला जुन्या लांडग्यांचाही विसर पडतो. म्हणून गोवर होऊन गेलेलं पोर पुढं कितीतरी दिवस भलत्याच आजारांनी आजारी पडतं.

पुढे त्यांच्याकडे शहराला लागलेल्या मारुंजीचा भागही आला. तिथं वेगळीच तऱ्हा. एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं आम्हाला अडवलं. कुठल्या फ्लॅटमध्ये जायचं, कुणाला भेटायचं, फोन आला पाहिजे, वहीत सही. बांधकामावरच्या मजुरांची पोरं त्याच आवारात मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होती, आणि त्यांना बघायला फ्लॅट नंबर नव्हता. सिस्टरनी वहीत सही केली आणि वॉचमनला विचारलं, "जंतूची बी एन्ट्री करून घेता का रे हितं?" त्याला मराठी येत नव्हतं. त्यांनी मग हिंदीत विचारलं, अगदी गंभीरपणे. तो हसला आणि फाटक उघडलं. वरून एक बाई खाली आल्या, आमची मुलं लशीला प्रायव्हेट डॉक्टरकडे जातात, असं इंग्रजी मिसळून म्हणाल्या. "लई चांगलं," सिस्टर म्हणाल्या, "पण तुमच्या घरात भांडी घासाया जी येती, तिची पोरगी हितं मागं ऱ्हाती. आमी तिच्याकडं चाललोय. म्हंजी तुमच्याच घरी."

या कामाचे आभार कुणी मानत नाही. मानणार तरी कसे? न झालेल्या गोवराचे पेढे कोण वाटेल? वाचलेल्या पोराला कळतच नाही की ते वाचलं. सिस्टरना याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मला वाटायचं, आणि अजून वाटतं.

मग सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. धाकट्या भावानं, सलीमनं, आपली एक दिली. ऑपरेशन झालं, सिस्टर घरी आल्या, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे सगळं खोरं त्यांना बघायला निघालं. त्यांनी कुणालाही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्या खिडकीच्या आत, माणसं अंगणात. मला म्हणाल्या, "भावाची हाय खरी, पण माझ्या अंगाला कुटं ठावं भाऊ कोन? परका शिरला म्हनून चावाया उठनार. म्हनून डॉक्टरनं गोळ्या देऊन माझी कुत्री बांधून ठेवल्यात. आता राखण तुमी करायची." त्यांची राखण करणं म्हणजे काय, तर आपल्याला शिंक आली तर तिकडं फिरकायचं नाही. एवढं सोपं काम. पण लोक रुसले. ऑपरेशन झालं आणि सिस्टरला गर्व चढला, असं बोलले. लांबून चालत आलेली माणसं, फळं घेऊन आलेली, आणि त्यांना अंगणातच बसवायचं म्हणजे काय… त्यांचा राग मला कळत होता. ती माणसं माझ्यासारखीच होती, पेरू घेऊन वर चढलेल्या माझ्यासारखी. मी सहा वर्षांत त्यांच्या बैठकीत पाऊल टाकलं नाही, त्यांचा हात हातात घेतला नाही. खिडकीच्या गजांतून गप्पा मारल्या आणि पोट दुखेपर्यंत हसलो. शेवटच्या भेटीतही त्या मला शाळेतल्या नव्या पोरांच्या लशींचंच विचारत होत्या. निघताना म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा. आता आठ दिवस येऊ नका."

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांच्या छातीत संसर्ग झाला आणि त्या गेल्या. कुठून आला, कुणी आणला, माहीत नाही. माझ्यामुळं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. तारखा मोजल्या आहेत. या वेळी उत्तर द्यायला सिस्टर नाहीत, आणि बाकी कुणी दिलं तर माझा त्यावर विश्वास नाही. एवढं माहीत आहे की त्या दिवशी मी खिडकीपासून लांब बसले होते. लोक म्हणतात, एवढं जपून शेवटी गेल्याच ना? हो, गेल्या. जपल्यानं कुणी अमर होत नाही. जपल्यानं सहा वर्षं मिळतात. त्या सहा वर्षांत त्यांनी तबस्सुमचं लग्न बघितलं, खिडकीतून अर्ध्या तालुक्याला दटावलं आणि माझ्यासोबत दर आठवड्याला हसल्या. ती सहा वर्षं कमी आहेत असं म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

परवा त्या जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा होता. माझा खोकला कधीच गेला होता. आक्काही बरोबर आल्या, मला एकटीला लोकांची तोंडं बघवणार नाहीत म्हणून, असं त्या म्हणाल्या. तबस्सुमनं आम्हाला आत बैठकीत नेलं. सहा वर्षांनी मी त्या खोलीत बसले. पंखा तोच, भिंतीला तोच फिका हिरवा रंग. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. शेजारी सलीमची सून, मांडीवर तान्ही मुलगी. आक्कांनी संधी सोडली नाही. चार बायांच्या देखत म्हणाल्या, "आज आलीस, तसी त्या दिवशी आली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी काही बोलायच्या आतच सलीमची सून आपल्या मुलीकडे बघत म्हणाली, "मावशी आल्या नाहीत ते बरं झालं. ही तवा सव्वा महिन्याची होती. डांग्या खोकल्याची सुईपन लागली नव्हती. दिसभर हितंच, ह्या खोलीत, हिच्या मांडीवरनं तिच्या मांडीवर."

माझा खोकला कसला होता, मला आजही माहीत नाही. साधाही असेल. कदाचित मी आले असते आणि काहीच झालं नसतं. कळायला मार्ग नाही, आणि मला तो नकोही. मुलगी जागी झाली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपली. आक्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मागच्या मोरीत गेल्या, साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, आणि सलीमच्या सुनेला म्हणाल्या, "दे हिकडं."