शववाहिनीचं माप

शववाहिनीचं माप घेताना मी बांबूच विसरले. माणूस इंचाइंचाने मोजला, पण ज्या तिरडीवर त्याला बांधतात तिचे बांबू त्याच्याहून लांब असतात, हे डोक्यातच आलं नाही.

आमच्या शिंपी समाजाने जुना टेंपो घेऊन गाडी करायची ठरवली, तेव्हा मी पन्नाशीची होते आणि शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. कमिटीतल्या पुरुषांना म्हटलं, "सरका तुम्ही! अंगाचं माप तुम्हाला काय कळतंय?" समाजात सगळ्यांत उंच आमच्या शेजारचे मास्तर. त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं. ते म्हणाले, "कोट शिवतेस का गं?" सवयीने चार इंच जास्त धरले.

येलवालच्या रस्त्यावरच्या वेल्डरने चाकांवर सरकणारा पत्र्याचा ट्रे केला, दोन्ही बाजूंना बाकं, मागे काचेची दोन दारं. "अम्मा, इष्टु साकु?" एवढं पुरे का, त्याने कानडीत विचारलं. "साकु साकु," मी म्हटलं आणि झालरीचे पांढरे पडदे शिवायला बसले. झालर!

चार महिन्यांनी मास्तरच गेले. त्यांच्या बायकोने एकच मागितलं, "तमाशा नको गं. दार लावून गपचूप न्या."

ट्रे लोण्यासारखा आत गेला. बांबू मात्र दीड हात बाहेर. दारं लागेनात. एकाने करवत आणली, तर म्हातारे अडून बसले, बांधलेली तिरडी कापायची नाही. शेवटी मी माझेच पडदे फाडून दारं उघडी बांधून ठेवली. बाकांवर बसायचे ते चौघे बांबूंची टोकं धरून मागून चालले, ड्रायव्हरने पहिल्या गियरमध्ये गाडी नेली. बोगादीच्या रस्त्यावर बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती म्हणे. मी मास्तरांच्या घराच्या फाटकापाशीच उभी. मास्तरांच्या बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही.

चौदाव्या दिवशी माफी मागायला गेले. ती पावटे सोलत होती. माझं रडगाणं तिने पुरतं ऐकून घेतलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली,

"दाराचं मनात ठेवू नकोस, त्यांना तसंही बंद गाडीत मळमळायचं. पण माझं माप घ्यायला आलीस तर बघ."