पालवी फुटलेलं कुंपण

“वहिनी, ही झाडं आहेत.”

“खांब आहेत, भावोजी.”

“खांबांना पानं फुटतात?”

“फुटली. आता त्यात माझा काय दोष? त्यांना जाऊन विचारा.”

“थट्टा पुरे. दुपारी साहेब मला विचारणार. काय सांगू?”

“सांगा, वहिनी ऐकत नाही. तेवढं तर साहेबालाही एव्हाना ठाऊक झालं असेल.”

भावोजी वैतागून पोत्यांच्या थप्पीवर बसले. काळ्या कोटाला तागाची कुसळं चिकटली. दाभणबाईनं एका हातानं शिवण चालू ठेवून दुसऱ्या हातानं ती झटकून टाकली.

“कोट तरी सांभाळा. कंपनीनं दिलाय ना? तो पण वर्षाच्या करारावर असेल!”

तिची हीच जीभ बाजारभर प्रसिद्ध होती. खरं नाव कराराच्या कागदापुरतं उरलेलं. बाकी सगळ्यांना ती दाभणबाई. फाटकी पोती विकत घ्यायची, आपटून झटकायची, दाभणानं ठिगळं लावायची आणि पुन्हा विकायची, हा तिचा धंदा. दातांत सुतळीचं टोक धरूनही ती स्पष्ट बोलायची. “हे पोतं आहे का जाळं? धान्य भरतोस का मासे धरतोस?” शेतकरी हसत हसत शिव्या खायचे आणि पोती तिच्याकडेच टाकायचे, कारण तिचं ठिगळ एकदा बसलं की पोतं फाटेल पण ठिगळ निघणार नाही.

बाजाराची सगळी जमीन कंपनीची. आजूबाजूची शेतंही कंपनीचीच. शेतकरी ती खंडानं कसत, दुकानदार वर्षाच्या करारानं जागेवर बसत. करारात दोन अटी ठळक होत्या. पक्का पाया घालायचा नाही आणि झाड लावायचं नाही. झाड वाढलं की भाडेकरूही मुळं धरतो, अशी कंपनीला धास्ती. अट मोडली की जागा गेली. मात्र मुदत संपायच्या आत पाहणी करणाऱ्या कारकुनानं तसं लिहून सही केली नाही, तर करार जुन्याच अटींवर पुढचं वर्ष चालायचा.

पाहणी करणारे एकमेव कारकून म्हणजे भावोजी, तिच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आणि मुदत आज संध्याकाळी संपत होती.

नवरा कंपनीच्या गोदामात हमाल होता. तो गेला तेव्हा कचेरीनं तिला कळवलं, करार त्याच्या नावावर होता, जागा रिकामी करा. तिनं जागा खरोखरच रिकामी केली आणि सगळी पोती उचलून कचेरीच्या व्हरांड्यात मांडली. “माझं नाव चढेपर्यंत दुकान इथंच!” ती पोती झटके, आत धुरळा जाई. शिंकून शिंकून साहेबाचे डोळे सुजले, तेव्हा कुठे कागदावर तिचं नाव चढलं.

कुंपणाचं प्रकरण त्यानंतरचं. गाडीवाल्यांचे बैल तिची पोती चघळायचे, म्हणून तिनं ओढ्याकाठच्या ओल्या फांद्या तोडून आणल्या. सुतार म्हणाला होता, “बाई, हे लाकूड जिवट आहे. शेंडा खाली करून रोव, नाहीतर मूळ धरेल.” तिला कुठला धीर! हाताला येईल तसा खांब उभा केला आणि वरून मोगरी हाणली. खांब धरून उभे होते भावोजी. तेव्हा नोकरी नवी होती. कोट काढून ठेवून आले होते.

खांबांनी मूळ धरलं. पालवी आली, ती तिनं खुडली. पुन्हा आली. मग एका गाडीवाल्यानं त्या इवल्या सावलीत बैल सोडले. दुसऱ्यानं सोडले. पानं वाढली तशी गाड्याही वाढल्या, आणि खुडायचं तिनं सोडून दिलं.

यंदा कंपनीनं समोरच पत्र्याचं दुकान काढलं. पोती नवी कोरी, पण आत नुसती भट्टी. गिऱ्हाईक दारातून डोकावायचं, घाम पुसायचं आणि रस्ता ओलांडून दाभणबाईच्या सावलीला यायचं. आणि मग कंपनीला झाडांची अट आठवली.

दुपारी ती भावोजींबरोबर कचेरीत गेली. साहेब टेबलामागे बसला होता. तिची भाषा त्याला समजत होती, पण बोलायची वेळ आली की तो आपल्याच भाषेत बोले आणि भावोजी ते सांगत.

“साहेब म्हणतात, झाडं तोडा आणि यापुढे फक्त कंपनीचीच पोती विका. मग जागा तुमचीच.”

“त्यांना सांगा, सावली तोडून ऊन विकायला मी बसलेली नाही. आणि कंपनीची पोती पहिल्याच ओझ्याला उसवतात. ती मी विकली तर लोक मला चपलेनं मारतील, आणि बरोबर करतील. वर्षानुवर्षं लोकांचं फाटलेलं मी शिवलंय. आता स्वतःच्या हातानं फाटकं विकू?”

भावोजी साहेबाच्या भाषेत काहीतरी पुटपुटले.

“एवढ्यात झालं?” दाभणबाई म्हणाली. “मी इतकं बोलले, तुम्ही तीन शब्दांत गुंडाळलंत?”

“वहिनी, मतलब सांगितला.”

“चपलेचं सांगितलंत?”

“नाही.”

“सांगा ना. मतलब तिथंच आहे.”

साहेबाच्या ओठांचा कोपरा हलला, आणि लगेच चेहरा पुन्हा दगडाचा झाला. या वेळी तो तिच्याच भाषेत, एकेक शब्द जोडत बोलला.

“बाई. झाड तू तोड. नाहीतर जागा सोड.”

“माझ्या हातानं पान तुटणार नाही. तुमच्या माणसांना तोडायचं असेल तर भर बाजाराच्या दिवशी येऊन तोडू देत. गाडीवाले बघतील. शेतकरी बघतील. मग बघू, तुमच्या पत्र्याखाली कोण येतं ते.”

“जागा जाईल.”

“जाईल. पण मी दिली असं कोणी म्हणणार नाही.”

साहेबानं एक कोरा कागद भावोजींच्या पुढ्यात सरकवला, दौत जवळ ओढली.

“पाहणी तू केली. लिही. झाडं. आणि सही.”

भावोजींनी टाक उचलला. शाईत बुडवला. कागदावर हात टेकला आणि तिथंच राहिला. कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये शिरला.

“लिहा, भावोजी,” दाभणबाई म्हणाली. आवाजात आता टोमणा नव्हता. “तुमची नोकरी आहे, घरी पोरं आहेत. काहीही लिहा, रात्री जेवायला मात्र आमच्याकडेच या. ताट वाढून ठेवते.”

टाकाच्या टोकाचा थेंब कागदावर पडला.

“लिही!” साहेब म्हणाला.

भावोजींनी टाक पुसला. व्यवस्थित, दोन्ही बाजूंनी, रोज संध्याकाळी पुसत तसा. दौतीला झाकण लावलं. मग उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“कुठे चालला? सही कोण करेल? झाडं की खांब, सांग!”

भावोजींनी टोपी डोक्यावर ठेवली, दार उघडलं, आणि ते मागे न बघता पायऱ्या उतरून गेले.