सखाराम शिवलकर आणि एकवीस सालची वाईन

माडावर चढताना खाली बघायचं नाही आणि वर पोचल्यावर समुद्राकडे बघत बसायचं नाही, असे दोन नियम सखाराम शिवलकरला त्याच्या बापाने घालून दिले होते. पहिला त्याने जन्मभर पाळला. दुसरा एक दिवससुद्धा पाळला नाही. त्यामुळे त्याची माडी उतरवून व्हायला इतरांपेक्षा नेहमीच उशीर व्हायचा आणि त्याची बायको यमुनाबाई खालून हाका मारून दमायची.

साखरतरचा पूल ओलांडून काळबादेवी गावात शिरलं की समुद्राच्या अंगाला शिवलकरांची वाडी. कमरेला कोयती आणि पाठीला वाळवलेला दुधी भोपळा लटकवून सखाराम सकाळी माडावर चढायचा, पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक हलक्या हाताने छाटायचा आणि मडक्यात साठलेली माडी भोपळ्यात ओतून घेऊन उतरायचा. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या घरात जन्म झालेला, हेच काम येत होतं आणि हेच आवडत होतं. आजूबाजूला कुणी माडीत पाणी घालत, कुणी वर साखरीन टाकत. सखाराम काहीच घालत नसे. म्हणून त्याची माडी चैत्रात एक लागायची आणि दिवाळीला दुसरी. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, की "कालच्यासारखी नाय आज," तर तो म्हणायचा, "काल गेला की. कालची कुठून देऊ?"

त्याला एकच मुलगी, नम्रता. शाळेत पोरी तिला 'दारूवाल्याची' म्हणून चिडवायच्या. एकदा ती रडत घरी आली आणि बापावर उखडली. सखारामने तिची समजूत काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताज्या माडीचं मडकं तिच्या नाकाखाली धरलं. नंतर तेच दुपारी धरलं, संध्याकाळी पुन्हा धरलं.

"काय फरक वाटला?"

"सकाळी शहाळ्यासारखा वास होता. आता ताकासारखा येतोय. बाबा, कोण करतं हे?"

"हवेत काहीतरी असतं गो बाय. दिसत नाय. पण करतं."

ते 'काहीतरी' शोधायच्या नादात पोरगी दापोलीपर्यंत गेली. कृषी विद्यापीठात फळबागेचं शिकली. तिथे तिला कळलं, की हवेतल्या त्या काहीतरीला यीस्ट म्हणतात, आणि जगात असे देश आहेत जिथे त्यावर अख्खी कॉलेजं चालतात. तिने अर्ज केला, शिष्यवृत्ती मिळवली आणि एक दिवस घरी येऊन सांगितलं, "बाबा, मी फ्रान्सला जाते. वाईन बनवायला शिकायला."

तेव्हा तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा लोटे गावच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. त्याच्या घरचे येऊन बसले. मुलाची आई म्हणाली, "आम्हाला वाटलं पोर शिकलीय, घरचा धंदा मागे पडला. ही तर दारूच गाळायला परदेशी चालली. लोकांना काय सांगायचं आम्ही?"

यमुनाबाई आत पदराआड हुंदके देत होती. सखारामने पाहुण्यांना चहा दिला, कप रिकामे होऊ दिले आणि मग हात जोडले. "तुमचं बरोबर हाय. तुम्हाला सांगायला काय तरी चांगलं हवं. ते आमच्याकडे नाय. पण पोरगी जाणार."

स्थळ मोडलं. नम्रता गेली.

तिकडे ती शिकली आणि लुआर नावाच्या नदीकाठी एका जुन्या इस्टेटीत कामाला लागली. मालकीण मादाम ब्रिजित, साठीची, ताठ कण्याची, कमी बोलणारी. पिढ्यान् पिढ्या त्या घरात पांढऱ्या द्राक्षांची वाईन होत आलेली. नम्रता पिंपं धुण्यापासून सुरुवात करून तळघरातल्या जुन्या वाईनकाराची मदतनीस झाली. मग तो म्हातारा निवृत्त झाला. त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत सांभाळ, असं मादामने तिला सांगितलं. आणि नेमकं तेच वर्ष एकवीस साल निघालं.

एप्रिलमध्ये कोवळ्या फुटव्यांवर हिम पडलं. मळ्यात ठिकठिकाणी शेकोट्या पेटवल्या, तरी निम्म्याहून जास्त फुटवा काळा पडला. नम्रताने बापाला फोनवर तो मळा दाखवला. पुढच्याच महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि आता बापाने लेकीला फोनवर वाडी दाखवली. सखारामच्या बापाने लावलेले, ज्यांच्यावर सखाराम लहानपणी चढायला शिकला ते माड मुळासकट आडवे झाले होते.

"एकाच साली दोघांचंही गेलं," नम्रता म्हणाली.

"उभे हायत त्यांच्यावर चढायचं," सखाराम म्हणाला. "आणखी काय करणार?"

ऑक्टोबरात द्राक्षं उतरली. थोडकीच होती, आणि गोडी कमी. मादामकडे वर्षानुवर्षं माल घेणारा एक वृद्ध व्यापारी होता, मोस्य गास्तों, म्हणजे गास्तोंसाहेब. त्याच्या जिभेला त्या भागात मान होता. त्याने पिंपातला रस चाखला आणि मादामला सगळ्यांसमोर सांगितलं, "हे साल बाटलीत भरू नका. रस घाऊक विकून टाका. घराण्याचं नाव खराब होईल." मॅनेजर म्हणाला, निदान साखर घालून वळणावर आणू, कायद्याने चालतं. मादामने निर्णय नम्रतावर सोडला आणि तिला विचार करायला वेळ दिला.

तिने फोन लावला तेव्हा सखाराम जेवत होता. तिने सगळं सांगितलं. रस आंबट आहे, पण त्यात काहीतरी आहे, असं तिला वाटत होतं. खात्री मात्र नव्हती. "साखर घातली तर ती बाकीच्या सालांसारखी लागेल, बाबा. कुणाला कळणारही नाही."

सखारामला फ्रान्सच्या द्राक्षातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. "माझ्याकडे बी लोक हेच मागतात," तो म्हणाला. "कालच्यासारखी दे. अगो, बाकीच्या सालांसारखी हवी असेल तर त्यांनी बाकीची सालं प्यावी. यंदाचं यंदासारखं लागू दे. पण मी माडीवाला. तुझी जीभ काय सांगते ते तू बघ."

नम्रताने मादामला सांगितलं, साखर नको, विकायचंही नको. थांबायचं. ती वाईन जुन्या लाकडी पिंपांत ठेवू आणि वाट बघू. मादाम म्हणाली, "ठीक आहे. जबाबदारी तुझी."

तीन वर्षं गेली. त्या घरात दर हिवाळ्याच्या तोंडाशी एक मोठं जेवण होतं. एकाच मळ्याच्या पाच सालांच्या बाटल्या काढतात, त्यांना कापडाच्या पिशव्या चढवतात, म्हणजे कुठली कुठल्या सालची हे कळू नये, आणि पाहुणे जेवता जेवता त्या चाखतात. त्या वर्षीच्या जेवणात एकवीस साल पहिल्यांदा बसणार होतं. नम्रताने बापाला तिकीट पाठवलं. यमुनाबाई म्हणाली, "माझे गुडघे असे, मी कुठे येते? तुम्ही जा, आणि तिकडे घशातून मोठ्याने खाकरू नका."

सखाराम उसना कोट घालून फ्रान्सात उतरला. थंडीने त्याची बोटं वळत नव्हती. नम्रताने त्याला आधी तळघरात नेलं. टेकडीच्या पोटात पांढरा दगड खणून केलेलं लांबच लांब भुयार, दोन्ही बाजूंना पिंपं. त्याने भिंतीवर हात फिरवला. "आपल्या चिऱ्याच्या खाणीसारखं हाय गो. आपला जांभा तांबडा, यांचा पांढरा, एवढंच." पिंपांच्या मधून चालणाऱ्या लेकीकडे तो मागून बघत राहिला. दोन पुरुष कामगारांनी तिला काहीतरी विचारलं, तिने चालता चालताच उत्तर दिलं, आणि ते तसं करायला निघून गेले. सखारामला तेवढ्यानेच तिकीट वसूल झाल्यासारखं वाटलं.

जेवणाला लांब टेबल मांडलं होतं. व्यापारी होते, हॉटेलवाले होते, आणि मादामच्या उजव्या हाताला मोस्य गास्तों, पांढरी मिशी, ओठ घट्ट मिटलेले. सखारामला नम्रताच्या शेजारी बसवलं. समोर पाच पेले. नदीतला मासा लोण्याच्या सारात आला. सखारामने वास घेतला, मान हलवली आणि लेकीच्या कानात म्हणाला, "चिंच हवी होती."

पाहुणे पेले फिरवत, वास घेत, डोळे मिटत. सखारामही घोट घोट प्यायला. पहिली त्याला पाणचट वाटली, दुसरी झकास, गोडसर, जड, मधासारखी. तिसरी विसरला. चौथ्या पेल्याने त्याचे डोळे बारीक झाले, जिभेच्या कडा झिणझिणल्या. पाचवीपर्यंत तो माशाकडे वळला होता.

शेवटी प्रत्येकाच्या हातात एक बूच दिलं. जी बाटली रात्रभर प्यायला आवडेल तिच्यासमोर ते ठेवायचं. सखारामने अजिबात वेळ न लावता आपलं बूच दुसऱ्या बाटलीसमोर ठेवलं आणि खुशीत परत येऊन बसला. नम्रताचे हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरलेले त्याला दिसले.

एकेक पाहुणा उठू लागला. एक बूच चौथ्या बाटलीपुढे पडलं. आणखी एक. मग पहिल्या बाटलीपुढे एक, मग पुन्हा चौथीपुढे. बघता बघता चौथीपुढे बुचांचा ढीग झाला. सगळ्यात शेवटी मोस्य गास्तों उठला. त्याने चौथ्या पेल्यातला शेवटचा घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि आपलं बूच त्या ढिगावर ठेवलं.

मादामने पिशव्या काढायला सुरुवात केली. दुसरी बाटली अठरा सालची निघाली, ऐन उन्हाळ्याच्या, भरघोस गोडीच्या वर्षाची. चौथीची पिशवी तिने सावकाश वर ओढली. लेबलावर एकवीस होतं.

मग गास्तों खुर्चीतून उठला, नम्रतासमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. नम्रताने बापासाठी मराठीत सांगितलं. "ते म्हणतायत, हे साल बाटलीत भरू नका असं मी म्हणालो होतो. मी चुकलो. ही वाईन म्हणजे तेच वर्ष आहे, जसं होतं तसं. आणि फार सुंदर आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सखारामला मात्र काहीतरी उलगडत होतं. "म्हणजे मी बूच ठेवलं ती तुझी नव्हती?"

"नव्हती, बाबा. तुम्ही माझ्याविरुद्ध मत दिलंत."

सखाराम कपाळावर हात मारून इतका हसला, की शेजारची बाई कारण न कळताच हसू लागली. आणि मग अख्खं टेबल.

मादाम उभी राहिली. ती म्हणाली, की तीन वर्षं आपण तळघरासाठी माणूस शोधतो आहोत असं सगळ्यांना सांगत होतो, ते खोटं होतं. माणूस कधीच मिळाला होता, आपण फक्त हे जेवण होण्याची वाट बघत होतो. आजपासून या घराची मुख्य वाईनकार नम्रता शिवलकर, आणि पुढच्या प्रत्येक बाटलीवर मळ्याच्या नावाखाली तिचं नाव असेल. मग तिने सखारामकडे हात केला. वडिलांनी दोन शब्द बोलावेत.

सखाराम उठला. ग्रामसभेतसुद्धा तो कधी बोलला नव्हता. त्याने कोटाची बटणं चाचपली, लेकीकडे पाहिलं आणि मराठीतच सुरुवात केली.

"आमच्याकडे माझ्या घराण्याला लोक माडीवाले म्हणतात. काही जण वाईट तोंड करून म्हणतात. माझा बाप माडावर चढायचा. मी चढलो. हिला वर चढायचं नव्हतं, तर ही जमिनीखाली उतरली. पण वर जा नाय तर खाली जा, काम एकच. झाडाने जे दिलं त्याला खराब करायचं नाय. हे हिने केलं. मला कळलं नाय, मी चुकीच्या बाटलीपुढे बूच ठेवलं. पण ही चुकली नाय." त्याने लेकीकडे बोट केलं. "माझ्या लेकीचं नाव बाटलीवर येणार, हे मी गावात जाऊन सांगणार. ज्यांनी चहा पिऊन स्थळ मोडलं त्यांच्या दारात जाऊन सांगणार."

नम्रताने शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं फ्रेंचमध्ये सांगितलं. पण सखारामचा आवाज त्या वाक्याला इतका चढला होता, की पाहुण्यांना ते न सांगताच समजलं असावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. गास्तों खुर्ची ओढून सखारामच्या शेजारी येऊन बसला, त्याच्या पेल्यात एकवीस सालची ओतली, आणि पुढचा तासभर दोघे आपापल्या भाषेत एकमेकांना झाडांविषयी सांगत राहिले. दोघांचंही काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखारामने घरी व्हिडिओ कॉल लावला. कुठून सुरुवात करावी, हे मनाशी जुळवत होता. पडद्यावर यमुनाबाई दिसली, नवी साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर. मागे ओटीवर आळीतल्या बायका, मुलं, म्हातारे, सगळ्यांच्या हातात शिऱ्याच्या बशा.

"मला काय सांगू नका," ती ओरडून म्हणाली. "पोरीने रात्रीच फोन करून सगळं सांगितलं. तुम्ही कुणाला मत दिलंत तेसुद्धा!"

आणि फोन तिच्या हातातून आळीभर फिरू लागला.