लिमसाहेबांची ठासणीची बंदूक

गज दोन बोटं आधीच थांबला.

सुरिया मॅडमनी तो पुन्हा नळीत सोडला. पुन्हा ठक्. पुन्हा दोन बोटं बाहेर. रेंजवर अशी शांतता पसरली की मला माझे केस पिकताना ऐकू आले.

"मिस्टर गौतम," मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये 'नळी रिकामी' असं लिहिलंय. खाली सही तुमची आहे. मग आत काय आहे?"

सुरिया मॅडम म्हणजे नेमबाजी क्लबच्या रेंज ऑफिसर. त्यांच्या शब्दाशिवाय त्या रेंजवर माशीसुद्धा बसत नाही. शेजारी माझे बॉस लिमसाहेब उभे होते. वय पंचाहत्तर, कानावर इअरमफ, अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहरा बोहल्यावर चढायला निघालेल्या नवऱ्याचा. बंदूक त्यांची होती.

आधी घोळ काय होता ते सांगतो. ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडातून जातं. आधी काळी दारू ओतायची, मग गोळी, आणि गजाने ठासायचं. मागून उघडून बघायची सोयच नाही. म्हणून नळी रिकामी असताना गज पूर्ण आत सोडून, तोंडाशी त्याच्यावर टेप चिकटवून ठेवायची. पुढे कधी गज सोडल्यावर टेप बाहेर राहिली, तर पोटात काहीतरी आहे. आणि अशा जुन्या बंदुकीत ते 'काहीतरी' म्हणजे बहुतेकदा कुणा गोऱ्या शिपायाने ठासलेला आणि उडवायचा राहून गेलेला बार असतो. माणूस मरतो, साम्राज्य बुडतं, दारू मात्र कोरडी राहिली तर वाट बघत बसते.

टेप मी स्वतः चिकटवली होती. तेव्हा ती बरोबर तोंडाशी होती.

सिंगापूरमध्ये बुओना व्हिस्टाला आमची टेस्टिंग लॅब आहे. आमच्या धंद्याला एनडीटी म्हणतात, म्हणजे वस्तू न फोडता तिच्या पोटातलं ओळखायचं. पाइपांचे वेल्ड, क्रेनचे हुक, जहाजांचे शाफ्ट. लिमसाहेबांनी त्यात पन्नास वर्षं काढली, आणि इंग्लंडमधल्या एका लिलावात ही बंदूक विकत घेतली. ज्या जातीच्या बंदुकीच्या काडतुसांवरून सत्तावन्नचं बंड पेटलं, त्याच जातीची. सिंगापूरमध्ये बंदूक घेण्यापेक्षा सिंहाच्या तोंडाच्या, माशाच्या शेपटीच्या मर्लायन पुतळ्याला पाळीव म्हणून घरी नेणं सोपं. परवानग्यांची फाइल उचलायला दोन माणसं लागायची, त्यातला एक मी. बंदूक घरी न्यायची नाही, क्लबच्या कुलपातच ठेवायची, अशी अट होती. मिसेस लिम म्हणाल्या, "गुड. माय हाऊस ओन्ली वन थिंग कॅन एक्सप्लोड. मी."

दुसरी अट जीवघेणी होती. लॅबने नळी पास केली तर फक्त एक दिवस बार उडवायची परवानगी. नापास झाली तर नळीत पोलाद भरून ती कायमची बुजवायची. लिमसाहेबांना स्वतःच्या मालावर स्वतः सही करता येईना. माझ्या पगारावर त्यांची सही, आणि त्यांच्या बंदुकीवर माझी, असा तो न्याय झाला.

"सर, भिंतीवर लावायलाही छान दिसेल," मी चाचपून पाहिलं.

"गौतम, फिफ्टी इयर्स आय टेल पीपल, युवर थिंग फेल, युवर थिंग फेल. दिस वन, आय वॉन्ट टू हिअर इट वर्क."

मी टेस्टिंगचं टेबल रिकामं करायला घेतलं.

बंदूक लॅबमध्ये आली ती पोलिसांच्या बंदोबस्तात. मंत्र्याची आई अॅडमिट झाली तरी इतका बंदोबस्त नसतो. एक्स-रे काढला. नळी स्वच्छ, रिकामी. मग चुंबकाची टेस्ट. लोखंडाला चुंबकत्व द्यायचं आणि वर बारीक लोहचूर्ण शिंपडायचं. जिथे भेग, तिथे चूर्ण चिकटतं. इथे तर नळीभर उभ्या रेघा उमटल्या. आजचं पोलाद असतं तर मी डोळे मिटून 'फेल' लिहिलं असतं. पण जुनं घडीव लोखंड उसासारखं असतं, त्यात मळीचे उभे धागे असतात. धागा म्हणजे भेग नव्हे. अल्ट्रासाउंड लावून एकेक रेघ तपासली. सगळ्या वरवरच्या. भिंत आतून ठणठणीत. मी सही केली.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या ऑफिसातल्या सुषमा कुलकर्णी दरवर्षी लिटल इंडियातून झेंडू आणून लॅबमधल्या झाडून सगळ्या मशीनची पूजा करतात. मी नागपूरचा, दीक्षाभूमीवाला. माझा दसरा वेगळा. पूजेत मी नसतो, पण पेढ्याशी माझं वैर नाही. सुषमाताईंनी एक्स-रे मशीनसमोर विडा ठेवला, सुपारी, हळकुंड, खारीक ठेवली, आणि टेबलावरच्या बंदुकीसमोरही तसंच मांडलं. लिमसाहेब हात जोडून सगळं टिपत होते. मग मला चहाला बोलावलं म्हणून मी गेलो. बंदूक संध्याकाळी क्लबच्या कुलपात गेली.

आणि आता रेंजवर दोन बोटांचं कोडं उभं होतं.

"सगळे मागे व्हा," सुरिया मॅडम म्हणाल्या. आत जुना बार असेल तर तो मरावा म्हणून नळीत पाणी ओतलं. मग गजाच्या टोकाला बुचाच्या स्क्रूसारखा दात लावला आणि हळूहळू फिरवत आत घातला. दात रुतला. मॅडमच्या कपाळावर घामाचा थेंब. माझ्या कपाळावर सिंगापूर नदी.

गज बाहेर आला. टोकाला एक पिवळं, सुरकुतलेलं, ओलं बोट.

"व्हॉट इज धिस?" मॅडम किंचाळल्या.

मी वास घेतला. "मॅडम, हळद."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी लिमसाहेबांकडे. लिमसाहेब छताकडे.

"सर?"

"यू पीपल पुट फूड फॉर एव्हरी मशीन," ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटले. "एक्स-रे मशीन नो माउथ, सो कॅनॉट ईट. माय गन हॅज माउथ, व्हॉट! सो आय फीड लाह."

सुरिया मॅडम इतक्या हसल्या की त्यांना इअरमफ काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी एकच अट घातली: नळी कोरडी करून पुन्हा गज सोडायचा आणि टेप बघायची. या वेळी टेप बरोबर तोंडाशी आली. पहिला बार बंदूक फ्रेमला बांधून, लांबून दोरी ओढून काढला. नळीला ओरखडाही नाही.

मग लिमसाहेबांनी ती खांद्याला लावली.

आवाज म्हणाल तर पलीकडे मलेशियाच्या हद्दीत, जोहोर बारूला, कस्टमवाल्यांनी शिक्के खाली ठेवले असतील. धूर असा, की इंडोनेशियाची जंगलं पेटल्यावर येणारा हेझ म्हणजे उदबत्ती. धुरातून आधी त्यांचे दात दिसले, मग बाकीचे लिमसाहेब. टार्गेट कोरं करकरीत होतं. शेजारच्या टार्गेटला मात्र अगदी मधोमध भोक.

"पास?" त्यांनी मला विचारलं.

"पास, सर."

पन्नास वर्षं लोकांना नापास करणारा तो माणूस माझा हात धरून तसाच उभा राहिला. खांदा दुखत होता म्हणाले, म्हणून डोळ्यांत पाणी. असेल. दारूचा धूरही होताच.

ते हळकुंड आता सॅम्पलच्या पिशवीत त्यांच्या टेबलावर असतं. सुषमाताई दर खंडेनवमीला मशीनसमोर विडा मांडतात आणि तो उचलेपर्यंत लिमसाहेबांवर डोळा ठेवून तिथून हलत नाहीत.

मी इतकंच शिकलो की एक्स-रे खोटं बोलत नाही, पण तो काढल्यानंतर मालाला कुणी काय भरवलं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून हल्ली सही करून झाली की मी माल डोळ्यासमोर सीलबंद करतो. चहा नंतर पितो.