पेरभर मलम

सिस्टर मलम बोटाच्या पेरावर मोजायच्या. विश्रामबागेत कातडीच्या डॉक्टरांकडे त्या कामाला होत्या. अंगठ्याशेजारचं बोट पुढं करून टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची वात काढायच्या आणि म्हणायच्या, "एवढं मलम आपल्या दोन तळव्यांएवढ्या जागेला." पुढच्या आईला पुन्हा तेच. कंटाळलेल्या कधी दिसल्या नाहीत.

आम्ही वडूजहून एसटीनं जायचो. माझी कोमल तेव्हा चार वर्षांची. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत लाल चट्टे, खाजवून रक्त यायचं. डॉक्टरांनी एक्झिमा म्हणून सांगितलं, एकाचा दुसऱ्याला लागत नाही असंही सांगितलं. सासूबाईंना ते पटलं नाही. कोमल पोटात असताना आमच्या मालकांच्या नांगराखाली नाग आला होता, त्याचाच हा कोप, असं त्या म्हणायच्या. पोरीचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. कोमल आजीच्या खाटेपासून हातभर लांब बसून गोष्ट ऐकायची.

मी मलमाला भ्यायचे, कातडी जळेल म्हणून ठिपक्याएवढंच लावायचे. महिन्यानं ट्यूब जवळजवळ भरलेलीच परत नेली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आवं, पोरीला औषध लावताय का कुंकू?" बाकावरच्या बायका हसल्या, मीही हसले. मग त्यांनी सगळं पुन्हा दाखवलं. आंघोळीनंतर अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं. ओलसर असतानाच साधं क्रीम सगळीकडं चोपडायचं. औषधाचं मलम फक्त लाल जागेवर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. घरचं विचारलं, तेव्हा मी खाली बघत सांगितलं. पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन या, म्हणाल्या.

सासूबाई आल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी नागाचं काढलं. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "आजी, मी शिराळ्याची. आमच्यात नागाला भाऊ मानत्यात. भाऊ भणीच्या लेकराला छळंल व्हय?"

मग सिस्टरनी बाकाकडं वळून विचारलं, लहानपणी असं अंग कुणाकुणाचं होतं. तीन बायकांनी आणि मिलिटरीतून आलेल्या एका आजोबांनी हात वर केला. पाचवा हात सिस्टरचा होता.

"करा बोट पुढं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. वात काढली आणि कोमलचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंचं बोट किती तरी वेळ तसंच राहिलं. मग खाली आलं. कोमल श्वास धरून बसली होती.

चट्टे एकदम गेले नाहीत. कमी झाले, थंडीत अजूनही उठतात. मागच्या वर्षी गेले, तर सिस्टरच्या खुर्चीवर दुसरी मुलगी. त्या वारल्या, म्हणाली.

त्यांना एक सांगायचं राहिलं. सासूबाईंना नेलं त्या दिवसापासून मलम लावायची वेळ झाली, की मी मुद्दाम भांड्यांत हात घालून बसायचे. थोडा वेळ वाट बघून सासूबाईच फळीवरची ट्यूब काढायच्या आणि हाक मारायच्या, "ये गं कोमे, बस मांडीवर."