निरोग्याची बाटली

यंत्र नागपूरला, रोगी कुरखेड्याकडच्या एका गावात, आणि मध्ये एसटीच्या सीटखाली बर्फाच्या डब्यात लघवीच्या बाटल्या. ऐंशीच्या दशकाअखेरची माझी नोकरी ती एवढी. कुष्ठरोगी डॅपसोनच्या गोळ्या खरंच घेतात का, हे मी तपासत असे. डॅपसोनमध्ये गंधक असतं आणि गोळी घेतली की ते औषध लघवीत उतरतं. आमचं द्रव क्रोमॅटोग्राफीचं यंत्र लघवीतले पदार्थ वेगळे करी आणि कागदाच्या पट्टीवर डॅपसोनचं टोक उभं करी. टोक नाही म्हणजे गोळी नाही. माणसांपेक्षा मला हे बरं वाटे. पट्टी रडत नाही, थापाही मारत नाही.

तुलनेसाठी त्याच घरातल्या निरोगी माणसाची बाटली लागे. एका शेतकऱ्याने आपणहून लग्नाच्या मुलीची दिली. बघते तर बापाची पट्टी सपाट, आणि मुलीच्या पट्टीवर हे उंच टोक! बाटल्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलल्या म्हणून नमुने आणणाऱ्या कार्यकर्त्याची मी चांगलीच हजेरी घेतली. पुढच्या खेपेला स्वतः गेले, स्वतः चिठ्ठ्या चिकटवल्या. तरी तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

मग बापाला त्याच्या अंगणात एकटं गाठलं.

"भाऊ, तुमच्या गोळ्या जातात कुठे?"

त्याने आपले हात पुढे केले. मग म्हणाला, "माहे बोटं त वाकलेच आता, बाई. पोरीच्या पाठीवर चट्टा निंगाला. गोळ्या तिले देतो. दवाखान्यात तिचं नाव लिवलं त सोयरीक मोडन."

"मग तिची बाटली कशाला दिली?"

"निरोगी म्हून कागदावर येईन ना."

गोळ्या फेकतो म्हणून दवाखान्यात त्याला चारचौघांत झापलं जाई, तेही माझ्या पट्ट्यांच्या भरवशावर. मला लाज वाटली.

त्याला विचारूनच मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी मुलीला गुपचूप तपासलं आणि बापाच्याच कार्डावर दोघांच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. पुढच्या महिन्यात दोन्ही पट्ट्यांवर टोक आलं, तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला.

लग्नाला मी गेले नाही. कार्यकर्ता जाऊन आला. वऱ्हाड्यांना हात दिसू नयेत म्हणून बाप दिवसभर गोठ्यात बसून होता, म्हणाला. कन्यादान चुलत्याने केलं.